भिंतीतलं दुधाचं दार: १९५०च्या दशकातल्या अमेरिकन घरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या एका उपनगरात, १९५१ साली बांधलेल्या घरात आम्ही राहतो. भारतातून येणारे पाहुणे, इथेच वाढलेली मराठी मुलं, नुकतंच जुनं घर विकत घेतलेली जोडपी, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. यातली बरीच उत्तरं मला समोरच्या आजींकडून मिळाली. १९५३ साली लग्न होऊन त्या या गल्लीत आल्या आणि शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. बाकीचं वाचून, विचारून, पडताळून घेतलं आहे.

बाजूच्या दाराशेजारी भिंतीत एवढंसं दुसरं दार आहे. ते कशाचं?

दुधाचं. बाहेरून एक झडप, आतून एक झडप, आणि मध्ये तीन-चार बाटल्या मावतील एवढा कोनाडा. दूधवाला पहाटे बाहेरची झडप उघडून भरलेल्या काचेच्या बाटल्या ठेवायचा आणि रिकाम्या घेऊन जायचा. घरातल्या बाईने आतली झडप उघडली की दूध हातात. अंगणात पाऊल टाकायला नको, बर्फात चपला शोधायला नकोत. उद्या जास्त दूध हवं असेल, लोणी किंवा अंडी हवी असतील, तर चिठ्ठीची सुरळी करून रिकाम्या बाटलीच्या तोंडात खोचायची. हिशोब आठवड्याने किंवा महिन्याने.

माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा हे दार पाहून तिला मुंबईतल्या आरेच्या बाटल्या आणि केंद्रावरची पहाटेची रांग आठवली. फरक एवढाच, की आपण दुधाकडे जायचो आणि इथे दूध घरात यायचं.

दूध एकजीव केलेलं नसलं की साय वर येऊन बाटलीच्या मानेत बसायची. जानेवारीतल्या थंडीत दूध गोठायचं, फुगायचं आणि सायीचा पांढरा खांब कागदी झाकण डोक्यावर घेऊन बोटभर वर यायचा. तो कोणी खायचा यावरून आजींच्या घरी रोज भांडण. आणि मुलं किल्ली विसरून आली की त्यांतलं सगळ्यात लहान पोर याच कोनाड्यातून आत सरकवलं जायचं.

आमच्या दाराचा रंग खरवडला तेव्हा एकाखाली एक पाच थर निघाले. सगळ्यात खालचा पोपटी. आतल्या झडपेच्या मागे पेन्सिलीने केलेल्या बेरजा आहेत, तीन आकडी, एकाखाली एक, शेवटची खोडलेली. कुणाच्या हातच्या, ते कळायला मार्ग नाही. बाकी सगळीकडे रंग दिला, ती फळी मात्र तशीच ठेवली.

लोक ज्याची एवढी आठवण काढतात तो काळ नेमका कोणता?

साधारणपणे दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९६३ साली अध्यक्ष केनेडींची हत्या होईपर्यंतचा. त्याआधी दहा वर्षं मंदी, मग चार वर्षं युद्ध. सैनिक परतले ते १९४४ च्या ‘जी. आय. बिल’च्या आधारावर: कॉलेजची फी, घरासाठी सरकारी हमीचं कर्ज. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीने १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर एका साच्यातली हजारो घरं उभी केली आणि त्या वस्तीलाच लेव्हिटटाउन नाव पडलं. देशभर तशाच वसाहती झाल्या. १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी मुलं जन्मली. आज आठवणी सांगतात ती मुख्यतः हीच मुलं, आणि म्हणून त्या आठवणी बालपणाच्या उंचीवरून पाहिलेल्या असतात. आईवडिलांच्या चिंता त्यांत फारशा दिसत नाहीत.

‘नॉस्टॅल्जिया’ला मराठीत काय म्हणावं?

स्मरणरंजन हा शब्द रुळलेला आहे आणि मला तो आवडतो. मूळ शब्द योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये घडवला, तोही आजाराचं नाव म्हणून. घरापासून दूर असलेल्या माणसांना होणारं घरी परतण्याचं दुखणं. ग्रीक शब्दात दुखणं आहे, आपल्या शब्दात रमणं. समोरच्या आजींशी बोलताना मला दोन्ही दिसायचं, कधीकधी एकाच वाक्यात.

तेव्हा सगळं स्वस्त होतं म्हणतात. खरं आहे का?

आकडे ऐकले की तसं वाटतं. टपालाचा स्टॅम्प १९५८ पर्यंत तीन सेंटचा. कोका-कोलाची छोटी बाटली जवळजवळ सत्तर वर्षं पाच सेंटला मिळत होती, ती १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला आपलं दुकान नव्या पद्धतीने चालू केलं तेव्हा हॅम्बर्गर पंधरा सेंटचा होता. १९४९ साली लेव्हिटटाउनमधलं घर ७,९९० डॉलरना.

पण पगारही बघा. १९५० साली किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं, १९५६ मध्ये ते एक डॉलर झालं. १९५० साली मध्यम कुटुंबाची वर्षाची कमाई ३,३०० डॉलरच्या आसपास. म्हणजे घर साधारण अडीच वर्षांच्या कमाईत. हे आज ऐकून पोटात कालवतं, आणि ते खोटं नाही.

मात्र ते घर केवढं होतं? लेव्हिटटाउनची सुरुवातीची घरं जेमतेम साडेसातशे चौरस फुटांची. दोन खोल्या झोपायच्या, एक न्हाणीघर, वरचा माळा अर्धवट सोडलेला. वडील कामावरून आले की रंधा घेऊन माळ्यावर चढायचे. आमचं घर त्यापेक्षा थोडं मोठं आहे, तरी आजचे पाहुणे विचारतात, “दुसरं बाथरूम कुठाय?” १९५० च्या जनगणनेत तर देशातल्या सुमारे एक तृतीयांश घरांत नळ, गरम पाणी, संडास, अंघोळीची सोय हे सगळं मिळून नव्हतंच. स्वस्ताईच्या गप्पांत ही घरं कधी येत नाहीत.

जुन्या घरांच्या ड्रॉवरमध्ये हिरव्या तिकिटांच्या वह्या सापडतात. त्या काय आहेत?

ते ‘एस अँड एच’ कंपनीचे हिरवे स्टॅम्प. किराणा किंवा पेट्रोल घेतलं की दहा सेंटमागे एक स्टॅम्प मिळायचा. तो घरी आणून वहीत चिकटवायचा. एका वहीत १,२०० स्टॅम्प, म्हणजे १२० डॉलरची खरेदी. अशा वह्या भरल्या की कंपनीच्या दुकानात जाऊन वस्तू आणायची: टोस्टर, दिवा, चादरी, मुलाची सायकल. कॅटलॉगमध्ये किंमत डॉलरमध्ये नसायची, वह्यांमध्ये असायची.

आजींच्या घरी रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा कार्यक्रम असे. बशीत ओला स्पंज, कारण शंभर स्टॅम्प जिभेने ओले केले की तोंड डिंकाने आंबट व्हायचं. मोठी मुलगी स्टॅम्प फाडायची, धाकटा चिकटवायचा, बाबा वही दाबायला तिच्यावर टेलिफोनची डिरेक्टरी ठेवायचे. वहीची पानं वाळून कडक व्हायची आणि फुगायची. माझ्याकडे त्यांची एक अर्धी भरलेली वही आहे. शेवटच्या पानावर स्टॅम्प तिरपे चिकटवले आहेत. एका लहान मुलाला झोप आली असणार.

ही वस्तू फुकट मिळायची नाही, दुकानदार स्टॅम्पचे पैसे भावातच लावायचा. आजींना हे पक्कं ठाऊक होतं. तरी स्वतःच्या मेहनतीने वही भरून आणलेला दिवा त्यांनी साठ वर्षं वापरला.

औषधाच्या दुकानात आइस्क्रीम कसं काय मिळायचं?

गावातल्या औषधवाल्याकडे एका बाजूला औषधं आणि दुसऱ्या बाजूला संगमरवरी ओटा, समोर गोल फिरणारी स्टुलं, हे सोडा फाउंटन. सोडा म्हणजे मुळात औषधवाल्याचीच गोष्ट. वायू भरलेलं पाणी पोटाला चांगलं म्हणून तोच ते विकायचा, मग कडू औषध सुसह्य करायला त्यात सरबतं आली, मग आइस्क्रीम. दारूबंदीच्या १९२० ते १९३३ या काळात बार बंद झाले आणि बसून बोलायची जागा म्हणून या ओट्यांचं महत्त्व आणखी वाढलं. चेरी फॉस्फेट म्हणजे चेरीचा आंबटगोड सोडा, माल्टेड दूध, न्यूयॉर्कमध्ये ‘एग क्रीम’, ज्यात अंडंही नसतं आणि क्रीमही नसतं: दूध, चॉकलेटचं सिरप आणि वरून जोरात मारलेला सोडा.

पुढे माणसं गाडीने फिरू लागली, दुकानात सामान स्वतःच उचलून घ्यायची पद्धत आली, सोडा डब्यात भरून मिळू लागला. ओटा जेवढी जागा अडवायचा त्या जागेत चार कपाटं उभी राहत होती. एकेक करून ते गेले. ओहायोच्या छोट्या गावांत अजून एखादा टिकून आहे. दिसला तर गाडी थांबवा.

एकाच फोनवर आठ घरं कशी बोलायची?

आळीपाळीने. याला ‘पार्टी लाइन’ म्हणत. एका तारेवर दोन, चार, खेड्यात कधी आठ किंवा त्याहून जास्त घरं. प्रत्येकाची घंटा वेगळी. आजींच्या माहेरी शेतवस्तीवर त्यांची खूण होती दोन लांब, एक आखूड. दुसऱ्याची घंटा वाजली तरी उचलून ऐकता यायचं आणि लोक ऐकायचे. आजी म्हणायच्या, कोण ऐकतंय ते त्याच्या घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीवरून कळायचं. कुणाला डॉक्टर बोलवायचा असेल तर बाकीच्यांनी लाइन मोकळी करायची; बऱ्याच राज्यांत तसा कायदाच होता.

फोनही आपल्या मालकीचा नसायचा. काळा, जड, कंपनीकडून भाड्याने. दूरच्या गावाला बोलायचं तर ऑपरेटरला सांगायचं. स्वतः नंबर फिरवून देशाच्या दुसऱ्या टोकाला फोन लागायला सुरुवात झाली नोव्हेंबर १९५१ मध्ये, न्यू जर्सीतल्या एंगलवुड गावातून. तिथल्या महापौरांनी कॅलिफोर्नियातल्या अलामीडाच्या महापौरांना पहिला फोन लावला.

आणि टीव्ही?

१९५० साली शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता, दहा वर्षांनी सुमारे सत्त्याऐंशी घरांत. मध्यरात्रीच्या सुमारास राष्ट्रगीत वाजवून प्रक्षेपण बंद व्हायचं आणि पडद्यावर एक स्थिर चित्र राहायचं, बऱ्याच ठिकाणी मूळ अमेरिकन सरदाराचा चेहरा असलेलं. स्वॅन्सन कंपनीचं ‘टीव्ही डिनर’ १९५४ पासून गाजलं: ॲल्युमिनियमच्या ताटलीत टर्की, मटार, रताळी, वेगवेगळ्या कप्प्यांत. रात्रीचं जेवण टेबलावरून सोफ्यावर आलं ते तेव्हा. याबद्दल मला स्मरणरंजन वाटत नाही.

मुलं खरंच दिवसभर बाहेर मोकळी हिंडायची?

हो. सकाळी सायकल घेऊन बाहेर आणि दिवेलागणीला घरी, एवढाच नियम. गल्लीतली प्रत्येक बाई प्रत्येक मुलाला नावाने ओळखायची आणि नावाने ओरडायचीही.

पण उन्हाळा आला की आयांच्या पोटात गोळा यायचा. पोलिओ उन्हाळ्यात पसरायचा. १९५२ साली एका वर्षात सुमारे ५८,००० रुग्ण नोंदवले गेले. पोहण्याचे तलाव बंद, मुलांना सिनेमाला जायला बंदी. आजींचा भाऊ सहा महिने रुग्णालयात होता. त्यांची आई रविवारी काचेबाहेर उभी राहून हात हलवून यायची, कारण आत सोडत नसत. १२ एप्रिल १९५५ रोजी जोनास सॉल्क यांची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं मिशिगन विद्यापीठात जाहीर झालं, तेव्हा ठिकठिकाणी चर्चच्या घंटा वाजल्या. आजींच्या तोंडून त्या दिवसाचं वर्णन मी निदान दहा वेळा ऐकलं आणि दर वेळी त्या मध्येच थांबायच्या.

शाळेत अणुबॉम्बची कवायत असे. शिक्षिकेने सांगितलं की बाकाखाली शिरायचं आणि मान हातांनी झाकायची. सहा वर्षांच्या मुलांनी.

बायका घरात सुखी होत्या का?

एकच उत्तर नाही. १९५० साली सुमारे एक तृतीयांश प्रौढ स्त्रिया नोकरी करत होत्या, हे जाहिरातींतल्या ॲप्रन घातलेल्या बाईकडे पाहून कळत नाही. सोमवार धुण्याचा, मंगळवार इस्त्रीचा. आजींकडचं धुण्याचं पहिलं मशीन दोन रुळांचं होतं. ओला कपडा रुळांतून काढताना बोटं सांभाळायची. नवरा वारल्यावर, १९७१ मध्ये, त्यांना स्वतःच्या नावावर एका दुकानात उधारीचं खातं उघडू दिलं नाही. हमीला पुरुष आणा म्हणाले. पतपुरवठ्यात स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करणारा कायदा १९७४ चा. तरीसुद्धा आपली तरुणपणीची गल्ली आठवली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या गल्लीवरचं त्यांचं प्रेम आणि त्या दुकानावरचा राग, दोन्ही शेवटपर्यंत तितकेच ताजे होते.

हे सुख सगळ्यांच्या वाट्याला आलं होतं का?

नाही. आणि हे उत्तर मी थोडक्यात देणार नाही.

घराच्या खरेदीच्या वेळी वकिलाने जुन्या कागदपत्रांचा गठ्ठा दिला. त्यात या जमिनीचं १९२०च्या दशकातलं मूळ खरेदीखत होतं. पाचव्या कलमात लिहिलेलं: गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही ही जागा विकू नये, भाड्याने देऊ नये, नोकर असल्यास अपवाद. वकील म्हणाले, “याला आता कायदेशीर अर्थ नाही.” ते खरंच होतं. तरी त्या संध्याकाळी मी आणि माझा नवरा रिकाम्या स्वयंपाकघरात, त्या दुधाच्या दाराशेजारी, बराच वेळ काही न बोलता बसलो. हे घर ज्या वर्षी बांधलं त्या वर्षी आम्ही इथे नोकर म्हणूनच राहू शकलो असतो.

अशी कलमं देशभर होती. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, पण व्यवहारात ती पाळली जात राहिली. लेव्हिट कंपनी काळ्या कुटुंबांना घरं विकत नव्हती. सरकारी हमीचं कर्जसुद्धा काळ्या वस्त्यांना नाकारलं जात असे, म्हणजे युद्धात लढून आलेल्या काळ्या सैनिकाला ‘जी. आय. बिल’चा घरासाठी उपयोग फारसा होत नव्हता. १९५७ च्या ऑगस्टमध्ये, याच कंपनीने पेनसिल्व्हेनियात वसवलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरासमोर दिवसेंदिवस जमाव जमत होता, दगड फेकले जात होते. ते कुटुंब हटलं नाही. घरविक्रीतला वंशभेद बेकायदा ठरला तो १९६८ मध्ये.

सोडा फाउंटनची स्टुलंही सगळ्यांसाठी नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या ओट्यावर बसले आणि कॉफी मागितली. दिली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी घेऊन आले. जुलैमध्ये तो ओटा सगळ्यांसाठी खुला झाला. त्या ओट्याचा एक तुकडा आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, स्टुलांसकट.

गाडी काढून मोकळ्या रस्त्यावर जायची हौस सगळ्यांनाच होती, पण काळ्या कुटुंबाला रात्री कुठे खोली मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल हे आधी पाहावं लागे. त्यासाठी हार्लेममधले टपालवाहक व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढायला सुरुवात केली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. पाणवठा, देऊळ, हॉटेलातला वेगळा कप आपल्याला माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली काळ्या अमेरिकनांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं आणि संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या अर्जाची प्रत मागितली होती.

मग त्या काळाची आठवण काढणंच चूक आहे का?

मला तसं वाटत नाही. सायीचा खांब, स्टॅम्पची वही, नाव घेऊन बोलावणारा औषधवाला, हे चांगलंच होतं. ते ज्यांना नाकारलं गेलं त्यांनाही ते चांगलंच वाटत होतं, म्हणून तर ते त्या स्टुलांवर जाऊन बसले. आठवण सांगताना त्या ओट्यावर कोण बसू शकत होतं हेही त्याच दमात सांगायचं, एवढं मी पाळते.

तेव्हा अमेरिकेत मराठी माणसं होती का?

फार थोडी, बहुतेक विद्यार्थी. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण कायमचं राहायला वर्षाला फक्त शंभर जणांना परवानगी. दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. जून १९५२ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कला आले होते. १९१३ साली विद्यार्थी म्हणून ते तिथेच उतरले होते.

दूधवाले कुठे गेले?

घरोघरी मोठे फ्रीज आले, काचेच्या जागी मेणकागदाची खोकी आली, गाडी घेऊन आठवड्याचा बाजार एकदम करणं सोपं झालं. १९५६ हे वर्ष लक्षात ठेवा: त्या वर्षी देशभर ४१,००० मैलांचे महामार्ग बांधायचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटातल्या ईडायना गावात साउथडेल हा पहिला पूर्णपणे बंदिस्त मॉल उघडला. गावातल्या मुख्य रस्त्यावरची दुकानं हळूहळू ओस पडली.

जुन्या वस्तू विकत घेऊन वापरल्या तर चालतील का?

बऱ्याच चालतात. कॉफीचा पर्कोलेटर, बिडाचा तवा, काचेची भांडी खुशाल घ्या. पण कापडी वेष्टणाच्या वायरी बदलून घ्या. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, लहान मूल असेल तर स्वतः खरवडू नका. मी आमचं दार तपासणी करून, मास्क लावून खरवडलं. ‘फिएस्टा’ नावाच्या जुन्या लालकेशरी बश्यांच्या झिलईत युरेनियम आहे, त्या भिंतीवर शोभतात, त्यांत आमटी वाढू नका. आणि बाहेरून खटक्याने बंद होणारा जुना फ्रीज गॅरेजमध्ये तसाच ठेवू नका. लपाछपी खेळताना त्यांत अडकून मुलं गुदमरून गेली आहेत. आतून उघडणारं दार सक्तीचं करणारा कायदा त्यामुळेच १९५६ मध्ये झाला. आधी दार काढून टाका.

शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी कशा काढून घ्याव्यात?

“तुमचं लहानपण कसं होतं?” असं विचारलं की “छान होतं” एवढंच मिळतं. वस्तू हातात द्या आणि छोटा प्रश्न विचारा. धुण्याच्या दिवशी जेवायला काय असायचं? घंटा वाजली की कोण धावायचं? गल्लीत कोण राहत नव्हतं, आणि का? हा शेवटचा प्रश्न मी आजींना खूप उशिरा विचारला. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आम्ही कधी विचारलंच नाही.”

मग मी त्यांना आमच्या स्वयंपाकघरात आणून दुधाचं दार उघडून दिलं. त्यांच्या घरातलं दार मुलाने केव्हाच विटांनी बुजवून टाकलं होतं. त्यांनी आतल्या झडपेवरून हात फिरवला. यातून तुमच्याकडे कोण कोण आत शिरलं, असं मी विचारलं. “धाकटा,” त्या म्हणाल्या. “दोनदा नीट शिरला. तिसऱ्यांदा कमरेशी अडकला, आणि मी येईपर्यंत दूधवाला त्याचे पाय धरून बाहेर उभा होता, त्याच्याशी बेसबॉलच्या गप्पा मारत.”